माशांचे उष्टावण

कोकणातल्या माणसाची माशाच्या अंड्यांशी पहिली ओळख स्वयंपाकघरात होते. त्यांना आम्ही गाभोळी म्हणतो. आई ती हळद, मीठ, तिखट लावून, तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर परतायची आणि मग कोणाच्या पानात किती पडली यावरून आम्हा भावंडांत रीतसर भांडण व्हायचे. त्या एका तुकड्यात किती अंडी असतील, ती समुद्रातच राहिली असती तर त्यांतून किती मासे झाले असते, असला हिशेब त्या वयात कोणी करत नाही. मी तो केला पन्नाशी गाठल्यावर, आणि तोही गाभोळी पानात असताना नव्हे, तर फिश टँकमध्ये पडलेल्या मंगलोरी कौलाच्या एका तुकड्याकडे बघताना.

माझा मूळ विषय मिठागरे. रत्नागिरीत एका दुकानाचे हिशेब लिहून उरलेल्या वेळात कोकण किनाऱ्यावरची बंदरे, मिठागरे, जकातनाकी यांचे कागद मी गेली वीस-बावीस वर्षे गोळा करतो. पदवी वाणिज्य शाखेची. जीवशास्त्र दहावीला सुटले ते सुटलेच. मासे घरात आले ते मुलीमुळे. तिने हट्टाने चार फुटी टँक घ्यायला लावला, मुंबईहून क्लाउनफिशची जोडी आणली. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला हा मासा. 2003 सालच्या त्या चित्रपटापासून सगळी पोरे त्याला ‘निमो’च म्हणतात. पुढे मुलगी शिकायला पुण्याला गेली आणि टँक माझ्या गळ्यात पडला. भाट्याच्या किनाऱ्यावरून कॅनने पाणी आणायचे, पावसाळ्यात समुद्र गढूळ आणि गोडसर झाला की विकतचे मीठ कालवायचे, हे सगळे मी कर्तव्यबुद्धीने करीत होतो. 2020च्या टाळेबंदीत एका सकाळी कौलाच्या आतल्या बाजूला नारिंगी दाणे दिसले, रव्याएवढे, दाटीवाटीने बसवलेले. दोन माशांपैकी लहानखुरा तो नर. तो त्यांच्यावर पर हलवून वारा घालत होता, मधूनच तोंडाने एखादे खराब अंडे उचलून टाकत होता. मादी आपली लांबून पहारा देत होती.

मी वही काढली. हिशेबनीसाला दुसरे काय सुचणार? फोटो मोठा करून दाणे मोजले: सुमारे तीनशे. पहिल्या रकान्यात लिहिले, ‘अंडी – 300’. रंग नारिंगीवरून तपकिरी झाला, मग प्रत्येक दाण्यात दोन चंदेरी डोळे चमकू लागले. आठव्या रात्री दिवे मालवल्यावर दोनेक तासांनी पिल्ले बाहेर पडली. विजेरीच्या उजेडात पाण्यात काचेच्या बारीक काड्या तरंगताना मी स्वतः पाहिल्या. सकाळी एकही नव्हते. काही फिल्टरने ओढली, बाकीची बहुधा आईबापांनीच खाल्ली.

पुढच्या वेळी शहाणा होऊन आठव्या संध्याकाळी कौल उचलून वेगळ्या टबात ठेवले. बापाच्या परांच्या जागी हवेच्या नळीचे बुडबुडे. अडीचशेच्या वर पिल्ले निघाली. त्यांना मी उकडलेल्या अंड्याचा बलक कापडातून गाळून घातला, कारण गप्पीची पिल्ले त्यावर वाढतात असे लहानपणी ऐकले होते. पाणी नासले. तिसऱ्या दिवशी टब रिकामा. फोनवर मुलीला अभिमानाने सांगू लागलो की अडीचशे फुटली, तर ती म्हणाली, “बाबा, फुटली ते कळलं. त्यांना खायला काय द्यायचं, ते कोणाला विचारलंत का?”

नव्हते विचारले. मग विचारायला निघालो, आणि माझ्या सवयीप्रमाणे वर्तमानात विचारण्याऐवजी भूतकाळात जाऊन विचारू लागलो. तिथे जे सापडले त्याने मी थक्क झालो. समुद्री माशांची अंडी उबवायला माणूस शिकला त्याला दीडशेहून अधिक वर्षे झाली. पण पिल्लांच्या तोंडात पहिला घास कोणता घालायचा, हे कळायला त्यापुढे जवळजवळ शंभर वर्षे जावी लागली. आपल्याकडे बाळाचे उष्टावण मुहूर्त पाहून होते. माशांच्या उष्टावणाचा मुहूर्त असा शतकभर हुकत गेला.

मुळात समुद्र घरात आणणे हेच अवघड होते. 1846 साली लंडनच्या ॲना थिन नावाच्या बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून प्रवाळाचे जिवंत जीव घरी आणले. समुद्राचे पाणी शहरात मिळणार कुठून? म्हणून आहे तेच पाणी रोज अर्धा-पाऊण तास या भांड्यातून त्या भांड्यात ओतून त्यात हवा खेळवायची, अशी युक्ती त्यांनी काढली. काढली त्यांनी, पण ओतायचे काम घरच्या मोलकरणीचे. त्या मोलकरणीचे नाव मला कुठे मिळाले नाही, बाईंचे मिळते. त्या पाण्यात प्रवाळांना पिल्लेसुद्धा झाली आणि बाईंनी त्याच्या नोंदी ठेवल्या, त्या पुढे छापल्याही गेल्या. घरातल्या खाऱ्या टँकचा, आणि त्यातल्या प्रजननाच्या निरीक्षणाचा इतिहास कोणत्याही प्रयोगशाळेतून नव्हे, तर असा एका दिवाणखान्यातून सुरू होतो. माझ्यासारख्या बिनपदवीच्या माणसाला ही गोष्ट जरा सुखावते, हे कबूल करतो.

माशांच्या अंड्यांचा शोध मात्र उत्तरेच्या थंड समुद्रात लागला. 1864 साली नॉर्वेच्या सरकारने गेओर्ग ओसियन सार्स या सत्तावीस वर्षांच्या तरुणाला लोफोटेन बेटांवर पाठवले. तिथली कॉड माशांची मासेमारी म्हणजे नॉर्वेचा कणा, पण कॉडची अंडी समुद्रात जातात कुठे, हे कोणालाच ठाऊक नव्हते. ती तळाशी चिकटत असणार असा सर्वांचा समज. सार्सला ती दिसली पाण्याच्या पृष्ठभागावर तरंगताना: दीडएक मिलिमीटरचे काचेसारखे मणी, लाटांवर मोकळे सोडलेले. त्याने नर-मादी कॉड घेऊन अंडी कृत्रिमरीत्या फलित करून पाहिली आणि त्यांतून पिल्ले निघताना पाहिली. एकेका मादीची अंडी लाखांनी मोजायची, आणि त्यांना ना घरटे, ना राखणदार.

हा शोध कळल्यावर माणसाच्या डोक्यात जे यायचे तेच आले. समुद्रात लाखो अंडी वाया जातात, ती आपण उबवून दिली तर मासळी वाढेल! गुंडर डानेविग नावाच्या एका नॉर्वेजियन कप्तानाने 1880च्या दशकाच्या पहिल्या वर्षांत आरेंडालजवळ फ्लोदेविगन येथे कॉडचे उबवणी केंद्र उभारले. अमेरिकेत सरकारी मत्स्य आयोगाने मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर, ग्लॉस्टर आणि वूड्स होल येथे तेच आरंभले. अंडी गोळा करायची, वाहत्या पाण्याच्या पेट्यांत उबवायची, आणि पिल्ले फुटली की काही दिवसांत समुद्रात सोडून द्यायची. वर्षाला कोट्यवधी पिल्ले. सगळ्या केंद्रांची, सगळ्या वर्षांची बेरीज अब्जांत जाते.

आता ही पिल्ले कोणत्या वयाची होती ते बघा, कारण सगळी गोम तिथे आहे. अंड्यातून निघालेल्या पिल्लाच्या पोटाला बलकाची शिदोरी बांधलेली असते. ती असेपर्यंत त्याला बाहेरचे काही लागत नाही. कित्येक जातींत तर तोंड उघडलेलेच नसते, डोळ्यांत काळा रंगही भरलेला नसतो. ही शिदोरी संपते त्याच सुमाराला तोंड उघडते आणि पिल्लाला शिकार करावी लागते. सगळी केंद्रे पिल्ले सोडायची ती नेमकी याच्या आधी, शिदोरी शिल्लक असताना. त्यामुळे केंद्राच्या दप्तरात मृत्यू जवळजवळ नसायचाच. मरायचे ते समुद्रात, दप्तराबाहेर. वार्षिक अहवालात लिहायला आकडा मात्र भरगच्च.

डानेविगवर मी उगाच तोंडसुख घेऊ इच्छित नाही. तो प्रामाणिक माणूस होता. तुमची पिल्ले जगतात याचा पुरावा काय, असे टीकाकार विचारू लागले तेव्हा त्याने 1886 साली समुद्राच्या पाण्याने भरलेल्या एका मोठ्या कुंडात पिल्ले सोडली, आणि त्यातल्या नैसर्गिक सूक्ष्मजीवांवर ती पोसून कॉडची खरीखुरी बोटाएवढी पोरे करून दाखवली. समुद्री माशाची पिल्ले माणसाच्या नजरेखाली वाढल्याच्या अगदी पहिल्या उदाहरणांपैकी हे एक. गंमत बघा, त्याच्या हातात खरे उत्तर आले होते. कुंडात काहीतरी होते, जे पेट्यांत नव्हते. पण त्याला सिद्ध करायचे होते एवढेच, की पिल्ले दणकट आहेत, तेव्हा ती समुद्रातही जगतील. ते सिद्ध झाले असे मानून तो पुन्हा पेट्यांकडे वळला. कुंडाची ती वाट नॉर्वेजियनांनी गंभीरपणे पुन्हा धरली ती 1970च्या दशकात.

बरोबर प्रश्न विचारला तो दोन फ्रेंच माणसांनी. ब्रिटनीच्या किनाऱ्यावर कोंकार्नो नावाचे मासेमारीचे गाव आहे. तिथे व्हिक्तोर कोस्त या प्राध्यापकाने 1859 साली सागरी प्रयोगशाळा काढली होती. त्याच प्रयोगशाळेत फाब्र-दोमेर्ग आणि बिएत्री ही जोडी सोल या चपट्या माशाची पिल्ले वाढवायच्या मागे लागली. आपल्या लेपीच्या दूरच्या नात्यातला हा मासा. पिल्ले ठरावीक दिवशी मरतात, आणि तो दिवस शिदोरी संपण्याचा असतो, हे त्यांनी नेमके हेरले. 1897 साली त्यांनी या काळाला नाव दिले: आणीबाणीचा काळ. 1905 साली सोलच्या वाढीवर त्यांचा ग्रंथ आला. त्यात मांडलेली गोष्ट आज कोणालाही पटेल: पिल्लू मरते ते पाणी वाईट म्हणून नव्हे, आजाराने नव्हे, तर भुकेने. शिदोरी पूर्ण संपण्याच्या आत त्याला तोंडात मावेल असे जिवंत भक्ष्य मिळाले पाहिजे.

1914 साली योहान योर्ट या नॉर्वेजियन शास्त्रज्ञाने हाच विचार अख्ख्या समुद्राला लावला. एखाद्या वर्षी हेरिंग, कॉड भरमसाट का मिळतात आणि एखाद्या वर्षी का नाही? त्याचे उत्तर होते की त्या वर्षी जन्मलेल्या पिल्लांना पहिल्या घासाच्या दिवसांत अन्न मिळाले की नाही, यावर ते ठरते. अंडी किती पडली याला फारसे महत्त्व नाही. हे बरोबर असेल तर अंडी उबवून सोडण्याच्या सगळ्या खटाटोपाचा पायाच निखळतो. योर्ट आणि डानेविग यांचे जाहीर वाद झाले. तरीही अमेरिकेतला खटाटोप विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालला आणि फ्लोदेविगनला पिल्ले सोडणे थांबले ते 1971 साली. माणसे मूर्ख होती म्हणून हे चालले असे मला वाटत नाही. फुटलेली अंडी मोजता येतात, जगलेली पिल्ले मोजता येत नाहीत. आणि जे मोजता येते त्याच्यासाठी सरकारकडून पैसे मिळतात. माझ्या वहीतही पहिला रकाना होता ‘अंडी’चा आणि दुसरा ‘फुटली’चा. तिसरा रकाना मी आखलाच नव्हता. त्या रात्री बसून आखला: ‘पाचव्या दिवशी जिवंत’. आधीच्या दोन ओळींत तिथे शून्ये भरली.

घास कोणता, याचे उत्तर दोन अशा जिवांनी दिले ज्यांना तोवर कोणी विचारत नव्हते.

पहिला जीव माझ्या मूळ विषयातून आला, म्हणून त्याचा मला विशेष जिव्हाळा. मीठ धरायला आलेले मिठागरातले पाणी लालसर दिसते हे मी शेकडो वेळा पाहिले होते. इतक्या खारट पाण्यात मासा जगत नाही, पण एक बोटाच्या पेरापेक्षा लहान, उताणे पोहणारा, पिसांसारख्या पायांचा जीव जगतो. त्याचे नाव आर्टेमिया. पाणी आटू लागले की तो कवचाची अंडी टाकतो. ती वर्षानुवर्षे कोरडी पडून राहतात आणि खारे पाणी मिळाले की साधारण एका दिवसात फुटतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टाइनहार्ट मत्स्यालयाचे आल्विन सील यांनी 1933 साली माशांच्या पिल्लांसाठी हे उत्तम जिवंत अन्न असल्याचे लिहिले. 1939च्या सुमारास नॉर्वेच्या गुन्नार रोलेफ्सेन यांनी आर्टेमियाची नुकती फुटलेली पिल्ले देऊन समुद्री चपट्या माशाची पिल्ले वाढवली. डबाबंद अन्न, पण जिवंत! हवे तेव्हा उघडा, पाण्यात टाका, उद्या शिकार तयार.

हे वाचत असताना मला एक जुनी गोष्ट आठवली. मिठागरांची कागदपत्रे शोधताना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकातील एक लहानशी नोंद मी काही वर्षांपूर्वी उतरवून घेतली होती आणि विसरलो होतो. 1953 सालची. लेखक चं. वि. कुळकर्णी की चिं. वि., हे माझ्या टिपणात स्पष्ट नाही, इंग्रजीत सी. व्ही. कुलकर्णी असे आहे. मुंबईच्या मिठागरांत आर्टेमिया सापडल्याची ती नोंद. हे कुलकर्णी म्हणजे आपल्या राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याचे संचालक, ज्यांनी पुढे लोणावळ्याला टाटांच्या तलावांवर महसीर माशाच्या पैदाशीचे नामांकित काम केले. ज्या मिठागरांचा मी जमीनमहसूल शोधत होतो, त्यांच्याच वाफ्यांत जगभरच्या मत्स्यपैदाशीची किल्ली पोहत होती. मी तेव्हा टिपण घेतले ते ‘मिठागर’ शब्दापुरते, जीव वगळून. आज माझ्या घरी आर्टेमियाचा जो डबा येतो, त्यावर अमेरिकेतल्या युटा राज्याच्या खाऱ्या सरोवराचे नाव आहे. वडाळा, भांडुप, मुलुंडची मिठागरे आपल्याकडे वर्तमानपत्रांत येतात ती तिथे किती इमारती बसतील याच्या चर्चेत.

दुसरा जीव जपानचा. तिथे वाम माशांची शेततळी असतात. त्यांतले हिरवे पाणी कधी कधी अचानक निवळायचे, प्राणवायू कमी पडायचा आणि वामी मरायच्या. शेतकरी या संकटाला ‘पाणी पालटले’ अशा अर्थाच्या शब्दाने ओळखत. कारण होता रोटिफर, डोक्यावर केसांचे चक्र फिरवत पाण्यातले शेवाळ फस्त करणारा सूक्ष्म जीव. मिए प्रांतातल्या ताकाशी इतो यांनी 1960 साली या उपद्रवी जिवाकडे उलट बाजूने पाहिले. जो तळ्यात एवढ्या झपाट्याने वाढतो, तो पिल्लांना खायला का घालू नये? आर्टेमियाचे पिल्लू अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. बहुतेक माशांच्या पिल्लांच्या तोंडाला ते पहिल्या दिवशी मोठेच. रोटिफर त्याच्या निम्म्याहून लहान, आणि हळू पोहणारा, म्हणजे नवशिक्या शिकाऱ्याला पकडता येईल असा. पहिले आठ-दहा दिवस रोटिफर, मग आर्टेमिया, ही शिडी तयार झाली आणि जपानमध्ये लाल ब्रीमसारख्या माशांची मोठी पैदास उभी राहिली. अर्थात लगेच नाही. आधी रोटिफरला पावाचे यीस्ट घालून वाढवत, कारण ते स्वस्त. तशा रोटिफरवर पिल्ले पोट भरूनही मरत. सागरी शेवाळात जी विशिष्ट मेदाम्ले असतात ती यीस्टमध्ये नसतात, हे जपानी संशोधकांनी शोधून काढले तेव्हा उलगडा झाला. घास तोंडात मावला म्हणजे झाले असे नाही. त्या घासाने स्वतः काय खाल्ले होते, हेही पाहावे लागते.

ही शिडी घरगुती टँकपर्यंत आणली ती फ्लोरिडाच्या मार्टिन मो यांनी. सरकारी मत्स्यखात्यात काम केलेला हा माणूस. 1972-73च्या सुमारास त्याने क्लाउनफिश विक्रीसाठी वाढवून दाखवले, तेव्हा हौशी लोकांचा विश्वास बसेना. समुद्री शोभेचे मासे टँकमध्ये वाढत नाहीत हे तोवर ब्रह्मवाक्य होते. मो यांचे खरे उपकार मला वाटतात ते लिहिण्यातले. 1982 सालच्या आपल्या पुस्तकाच्या उपशीर्षकातच त्यांनी नवशिक्यापासून पैदास करणाऱ्यापर्यंतचा पल्ला धरला, आणि 1997 साली लाल समुद्रातल्या एका लहान जांभळ्या माशाची पैदास कशी केली याची रोजनिशी छापली. त्यात काय चुकले तेही दिवसवार आहे. व्यवसायाची गुपिते म्हणून जे झाकून ठेवता आले असते ते त्यांनी उघड्यावर मांडले. एरवी या क्षेत्रात प्रत्येक जण यशाचा फोटो दाखवतो.

आपल्या देशात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या विळिंजम आणि मंडपम येथील केंद्रांनी क्लाउनफिशच्या अनेक जातींची पैदास केली. तमिळनाडूत परंगीपेट्टईच्या सागरी जीवशास्त्र केंद्रातही हे काम झाले. लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर स्थानिक बायकांना हे शिकवले गेले, आणि नवी मुंबईत ऐरोलीलाही कांदळवन प्रतिष्ठानने अशी हॅचरी उभारली. म्हणजे जे मी टबात करत होतो ते माझ्यापासून काही तासांच्या अंतरावर रीतसर होत होते. मी एका सरकारी कार्यालयात माहिती विचारायला गेलो तेव्हा तिथल्या साहेबांनी “हे घरात होण्यासारखं नाही, उगाच मासे मारू नका” असे सांगून बाहेरचा रस्ता दाखवला. तेव्हा राग आला होता. दुसरे वाक्य अगदीच चुकीचे नव्हते, असे आता वाटते.

कारण मारण्याचा मुद्दा खरा आहे. गोड्या पाण्यातले शोभेचे मासे बहुतांश शेततळ्यांत वाढवलेले असतात. खाऱ्या पाण्यातले बहुतांश आजही प्रवाळांतून पकडून आणले जातात. फिलिपाइन्समध्ये 1960च्या दशकापासून माशांना गुंगी आणायला सायनाइडची पिचकारी मारण्याची पद्धत पडली. मासा हाती लागतो, प्रवाळ मरते, आणि तो मासाही बहुधा पुढच्या काही आठवड्यांत मरतो. मुलीने आणलेली जोडी कुठली, हे मी त्या दुकानदाराला फोन करून विचारले. “बाहेरची आहे,” एवढेच तो म्हणाला. बाहेरची म्हणजे हॅचरीतली की समुद्रातली, हे त्यालाही माहीत नव्हते. घरातल्या काचेत समुद्र बघण्याच्या हौसेचा हा हिशेब माझ्या वहीत कोणत्या रकान्यात घालावा, कळेना. पिवळा टँग मासा हवाईतल्या संशोधकांनी 2015 साली आणि निळा टँग फ्लोरिडातल्यांनी 2016 साली पहिल्यांदा वाढवला. त्यांची पिल्ले इतकी लहान, की रोटिफरही त्यांच्या तोंडात जात नाही; त्यांना कोपेपॉड नावाच्या जिवांची, मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही लहान पिल्ले लागतात. कितीतरी जातींचा पहिला घास अजून सापडलेलाच नाही. त्या जाती दुकानात दिसतात त्या समुद्रातून उचललेल्याच.

क्लाउनफिश त्या मानाने सोपा. पिल्लू तीन-चार मिलिमीटरचे, डोळे उघडे, तोंड तयार. शिदोरी मात्र जवळजवळ संपलेली, म्हणून पहिल्याच दिवशी ताट मांडून ठेवावे लागते. मला रोटिफर दिले मत्स्यमहाविद्यालयात शिकणाऱ्या एका मुलाने, शीतपेयाच्या बाटलीत. सोबत हिरव्या शेवाळाची दुसरी बाटली. “काका, मासे नंतर. आधी दोन महिने नुसतं शेवाळ आणि रोटिफर सांभाळा. ते जगले तर मासे जगतील,” असे तो म्हणाला. म्हणजे मी मासे पाळत नव्हतोच. माशाच्या घासाचा घास पाळत होतो. आमच्या माडीच्या खिडकीत हिरव्या बाटल्यांची रांग लागली. बायको त्यांना ‘तुमचे गोठे’ म्हणायची.

2021च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आले. वीज गेली ती गेलीच. सहाव्या वेळची पिल्ले तेव्हा चार दिवसांची होती आणि वहीत प्रथमच तिसऱ्या रकान्यात आकडा पडायची आशा होती. हवेचे पंप बंद. रात्रभर मी आणि बायको आळीपाळीने तांब्याने टँकमधले पाणी उपसून उंचावरून पुन्हा त्यातच ओतत बसलो. ॲना थिन बाई तेव्हा मी वाचलेल्या नव्हत्या. वर्षभराने वाचल्या तेव्हा ती अनाम मोलकरीण डोळ्यांसमोर आली, आणि तिचे हात किती दुखत असतील तेही. मोठी जोडी वाचली. पिल्लांच्या टबात तांब्या चालवता येत नाही, ती गेली. बाटल्यांमधले रोटिफरही गेले. सकाळी झाडे पडलेल्या रस्त्यातून वाट काढत तोच मुलगा नवी बाटली घेऊन आला. त्याच्याकडची एकच वाचली होती, त्यातली अर्धी.

वही माझ्यासमोर आहे. सातवी वेळ: अंडी 280, फुटली 240, पाचव्या दिवशी जिवंत 9, पंधराव्या दिवशी 0. त्या नवांपैकी शेवटची तीन मी सकाळी एकदम दिवा लावला तेव्हा झटका आल्यासारखी तळाशी गेली. घाबरून मरण्याचा हा प्रकार मेदाम्लांच्या कमतरतेने होतो, असे मागाहून समजले. आर्टेमियाला देण्याआधी मी शेवाळ पाजले नव्हते. आठवी वेळ: 310, 260, 34, 3. नववी, या वर्षीच्या फेब्रुवारीतली: 350, 300, 61, 22. टबाला बाहेरून काळा कागद लावला होता, म्हणजे पिल्लांना भक्ष्य नीट दिसते. पाणी शेवाळाने फिके हिरवे ठेवले होते. अकराव्या दिवशी एकाच्या डोळ्यामागे पांढरी रेघ उमटली. आदल्या रात्री नव्हती. मी बायकोला हाक मारली आणि पुण्याला फोन लावला. मुलीने एकच विचारले, “किती आहेत?” तिसऱ्या आणि चौथ्या रकान्यातला आकडा सांगितला. पहिल्या दोघांचा तिने विचारला नाही, मीही सांगितला नाही.

बावीसपैकी सतरा आज आहेत, नखाएवढी. पाच जण ती मागत आहेत. मी प्रत्येकाला आधी शेवाळाची बाटली देतो आणि दोन महिन्यांनी या म्हणतो. दोघेच परत आले. मोठ्या माशांनी गेल्या आठवड्यात पुन्हा अंडी घातली होती. मी ती काढली नाहीत, कारण रोटिफरच्या बाटल्या नीट धरलेल्या नाहीत. कौल जागेवरच आहे. नर त्यावर वारा घालत राहिला, आणि काल रात्री उशिरा थांबला.